कानटोपी घातलेला कान

एका छोट्याशा दिव्याने उघडझाप करावी, एवढीच माझी अपेक्षा होती. एकदा लागावा, एकदा विझावा. काजव्याला हे कोणी शिकवत नाही. भौतिकशास्त्राची पदवी घेतलेल्या मुलीला मात्र त्यासाठी जवळजवळ सबंध आठवडा, बापाची नाराजी, सोसायटीच्या सेक्रेटरींची हरकत आणि इमारतीतल्या झाडून साऱ्या जुन्या वायरी लागल्या.

सुरुवात आत्याच्या दारापासून झाली. माझी आत्या आमच्याच इमारतीत, बरोबर आमच्या डोक्यावरच्या घरात एकटी राहते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ती ऑपरेटर होती. हयातभर कानाला हेडफोन लावून तिने दुसऱ्यांची बोलणी जुळवून दिली, आणि ती निवृत्त झाल्यावर तिच्या कानांनीही निवृत्ती घेतली. समोर बसून, तोंड दिसेल असं बोललं की तिला सगळं कळतं. पाठमोरं बोललं की काहीच नाही. कानाचं मशीन आहे, ते कपाटात असतं.

"त्यात पंखा ऐकू येतो, भांडी ऐकू येतात, माझं स्वतःचं चावणं ऐकू येतं," ती म्हणते. "माणसं तेवढी येत नाहीत. मग मी काय पंख्याशी बोलू?"

तर एका दुपारी दादाने, म्हणजे आत्याच्या मुलाने, दूरच्या शहरातून तिला फोन केला. हातातल्या फोनची थरथर कळली की ती उचलते, 'मी बरी आहे' एवढं सांगते आणि ठेवते. त्या दिवशी तिने उचलला नाही. मग पुन्हा केला, पुन्हा केला, आणि शेवटी आम्हाला केला. आम्ही वर जाऊन बेल वाजवली, दार बडवलं. आतून कडी. समोरच्या दारातून विमावाले काका बाहेर आले. या काकांनी जन्मभर विमा विकल्यामुळे प्रत्येक गोष्टीचा शेवट त्यांना आधीच दिसतो. त्यांनी दाराकडे पाहून मान हलवली आणि बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मन घट्ट करा." सुतार आला, कडी तोडली, आणि आम्ही सगळे रांगेने आत शिरलो. आत्या खिडकीपाशी बसून विणत होती. तिने चष्म्यावरून आमच्याकडे, मग सुताराकडे, मग त्याच्या हातातल्या पटाशीकडे पाहिलं आणि म्हणाली, "बेल वाजवून यायची पद्धत आहे."

आम्ही हसलो. दादा हसला नाही. आणि त्याचंही चूक म्हणता येत नाही. आई दार उघडत नाही म्हणून सुतार बोलावलाय हे ज्याला फोनवर ऐकावं लागलं, त्याला त्यातली गंमत कशी दिसावी? त्याने बाबांना सांगितलं, "मामा, बास झालं. येत्या रविवारी येतो आणि तिला घेऊन जातो."

आत्याने हे बाबांच्या ओठांवर वाचलं. दोन टाके घातले. मग म्हणाली, "त्याच्याकडे सगळं चांगलंच आहे. पण इथल्या माणसांची तोंडं मला वाचता येतात. तिकडे गेले की सगळी नवी तोंडं. या वयात नवी लिपी शिकायची म्हणजे..." वाक्य तिने सोडून दिलं. आत्या एरवी वाक्य अर्धवट सोडत नाही. लाइन मध्येच तोडणं तिच्या शिस्तीत बसत नाही.

आणि तिथे मी बोलले. "आत्या, बेल वाजली की घरात मोठा दिवा लागेल असं करून देते. अर्ध्या दिवसाचं काम आहे."

'अर्ध्या दिवसाचं काम आहे' या वाक्याने मानवजातीचं जेवढं नुकसान केलंय तेवढं महापुरांनीही केलं नसेल, असं माझं आता मत झालं आहे. पण तेव्हा ते वाक्य खोलीभर उजेडासारखं पसरलं. आत्याने मला "शहाणे, नक्की?" असं विचारलं. शहाणी हे तिने माझं ठेवलेलं नाव. ते कौतुक आहे की टोमणा, हे पदवीपर्यंत शिकूनही मला कळलेलं नाही. मी "नक्की" म्हटलं. बाबांनी ते दादाला फोनवर सांगितलं. दादा म्हणाला, "ठीक आहे. रविवारी मी येईन, बेल वाजवेन. आईने दार उघडलं तर आपण बोलू."

आता ज्याच्या जोरावर मी हे बोलले त्याची ओळख करून देते. काड्यापेटीएवढी एक हिरवी पट्टी, म्हणजे बोर्ड. तिच्यावर नखाएवढी काळी चिप, कडेला पितळी दातांसारख्या पिना, दोन इवलीशी बटणं आणि तिळाएवढा एक दिवा. हा अख्खा कम्प्युटर आहे. ऐकतो, मोजतो, ठरवतो, आणि मोबाइलच्या चार्जरवर जगतो. त्याच्याकडे पाहिलं की मला अजून भरून येतं. मी ती पट्टी तळहातावर घेऊन घरच्यांना दाखवली.

बाबा म्हणाले, "पडदा कुठाय?"

आई म्हणाली, "हरवेल ते. डबीत ठेव."

या कम्प्युटरला स्वतःहून काही येत नाही. त्याला काय करायचं ते मोठ्या कम्प्युटरवर लिहायचं, तिथल्या तिथे त्याच्या भाषेत उतरवायचं, आणि वायरीतून त्याच्या पोटात घालायचं. त्यासाठी मोठ्या कम्प्युटरवर बरीच सामग्री बसवावी लागते. माझी कल्पना होती की एक गोष्ट बसवली की झालं. पण हे पाहुणे एकेकटे येत नाहीत. लिहिण्याचं सॉफ्टवेअर बोलावलं तर ते म्हणालं भाषांतर करणारा हवा. भाषांतर करणारा म्हणाला माझ्यासोबत माझी अमुक एक लायब्ररी असल्याशिवाय मी पाऊल उचलत नाही. लायब्ररी म्हणाली, तुमच्याकडे जागा कुठाय?

जागा खरंच नव्हती. घरातला कम्प्युटर बाबांचा. त्यात बाबांनी आजवर घरात आलेल्या प्रत्येक वस्तूच्या वॉरंटी कार्डाचे फोटो जपून ठेवले आहेत, आणि ते फोटो असे की एकेकाची भिंतभर चौकट करता येईल.

"बाबा, हा मिक्सर तर जळून गेला. मी शाळेत होते तेव्हा."

"म्हणूनच कार्ड ठेवलंय."

"पण वॉरंटीसुद्धा संपली ना?"

"संपली हे कशावरून सांगणार? कार्डावरूनच ना!"

हा तर्क माझ्या अभ्यासक्रमात नव्हता. शेवटी मी माझ्या कॉलेजच्या चार वर्षांच्या टिपणांवर पाणी सोडलं आणि जागा केली. मिक्सरचं कार्ड सुरक्षित आहे.

सामग्री उतरत असताना आईने इस्त्रीसाठी प्लग काढला, मग सामग्री पुन्हा पहिल्यापासून उतरली, हे मी सांगत बसत नाही. अखेर सगळे पाहुणे आले, स्थानापन्न झाले, आणि मी दिव्याच्या उघडझापीचा चार ओळींचा प्रोग्रॅम लिहून भाषांतराला दिला. पडद्यावर लाल अक्षरांचा लोंढा आला. त्यात मधोमध, घराचा पत्ता असावा तिथे, ओळीने नुसती प्रश्नचिन्हं.

कारण शोधायला अर्धी दुपार गेली. बाबांनी कम्प्युटर घेतला तेव्हा मोठ्या अभिमानाने त्यातल्या खात्याला 'आपलं घर' असं नाव दिलं होतं, देवनागरीत. कम्प्युटरने ते आनंदाने स्वीकारलं होतं. पण या भाषांतरकाराला आपली अक्षरं ओळखता येत नव्हती, आणि दोन शब्दांत जागा सोडलेली तर त्याला मुळीच खपत नव्हती. 'आपलं घर' त्याच्या लेखी प्रश्नचिन्हांची चाळ होती.

"नाव बदलावं लागेल," मी म्हटलं.

बाबा खुर्चीत ताठ झाले. "त्याच्यासाठी आपण आपल्या घराचं नाव बदलायचं? त्याने शिकावी आपली भाषा."

"बाबा, रविवार जवळ येतोय."

"मग त्याला लवकर शिकव."

मी मधला मार्ग काढला. घराला हात न लावता शेजारी रोमन अक्षरांत एक नवं खातं उघडलं आणि त्याला 'पाहुणा' असं नाव दिलं. सारी सामग्री तिकडे पुन्हा मांडली. म्हणजे मी माझ्या स्वतःच्या घरात पाहुणी होऊन बसले. पण भाषांतर झालं! 'पूर्ण' असं हिरव्या अक्षरात आलं तेव्हा मी ओरडले, आणि वरची आत्या सोडून सगळे धावत आले.

आता फक्त वायर जोडायची होती. मी जोडली. बोर्डावरच्या दिव्याशेजारचा तांबडा ठिपका लागला, म्हणजे त्याला वीज पोचत होती. पण मोठ्या कम्प्युटरला विचारावं, 'तुला कोणी जोडलेलं दिसतं का?' तर तो म्हणे, 'नाही बुवा.' समोर बसलेल्या माणसाला ओळख न देणारे लोक मी पाहिले आहेत, पण त्यांना निदान एकमेकांचा राग असतो.

मी ड्रायव्हर, म्हणजे दोघांची ओळख करून देणारे प्रोग्रॅम, बदलले. काढले, घातले, जुने घातले, नवे घातले. इंटरनेटवर शोधलं, तर जगाच्या कुठल्याशा कोपऱ्यात एका माणसाला काही वर्षांपूर्वी नेमकी हीच अडचण आली होती. त्याने ती माझ्याच शब्दांत, माझ्याच काकुळतीने लिहिली होती. खाली त्यानेच लिहिलं होतं, 'सुटलं, आभारी आहे.' कसं सुटलं, ते नाही. त्या माणसाचं मी काहीही वाईट चिंतत नाही. त्याच्या घरातली प्रत्येक वस्तू वॉरंटी संपल्याच्या दुसऱ्या दिवशी बिघडो, एवढंच.

पण त्याच पानावर खाली एक बाई होत्या. त्यांना कोणी विचारलं नव्हतं, त्यांचं काही अडलं नव्हतं. तरी त्यांनी वेळ काढून, एकेक शक्यता धरून, अनोळखी माणसांसाठी शांतपणे सगळं लिहून ठेवलं होतं. शेवटी लिहिलं होतं: 'आणि वायर तपासा. पुष्कळ वायरी फक्त वीज नेतात. त्यांच्यातून बोलणं जात नाही.' जगात अशी माणसं आहेत म्हणून जग चाललंय. मी त्या बाईंना मनोमन नमस्कार केला आणि मागे वळून म्हटलं, "आई, दुसरी वायर आहे का?"

ही चूक होती. निरुपयोगी वायरी ही घराघरात जपून ठेवलेली संपत्ती आहे, आणि ती कधीतरी उपयोगी पडेल या आशेवर लोक जगतात. आईने जिन्यात कोणाला तरी सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत आमच्या बाहेरच्या खोलीत प्लास्टिकच्या पिशव्यांचा ढीग पडला. मेलेल्या फोनांच्या वायरी, कुठल्या तरी दाढीच्या मशीनची वायर, दोन्हीकडून तुटलेली वायर. विमावाले काका स्वतः एक बॅग घेऊन आले आणि एकेक वायर गाठ सोडवून माझ्या हातात देऊ लागले.

"ही बघ. हिच्यावर माझा पहिला मोबाइल चार्ज व्हायचा. घाल."

"काका, हिचं तोंडच वेगळं आहे."

"थोडं जोर लावून बघ."

"मोडेल ना!"

"मोडणारच," काका समाधानाने म्हणाले. "म्हणून मी सगळ्यांना सांगतो, आधीच विचार करावा."

मी एकेक लावून पाहत होते. तांबडा ठिपका प्रत्येक वेळी लागायचा, बोलणं एकदाही नाही. आत्या खाली येऊन माझ्यासमोर विणत बसली होती. मी तिला तोंड दाखवून सांगितलं, की या वायरी नुसतं खाऊ घालतात, एकमेकांशी बोलू देत नाहीत.

"अशा जोड्या मी पुष्कळ पाहिल्यात," आत्या म्हणाली. आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी पंख्याकडे पाहिलं.

ढीग संपला आणि माझा धीरही. मी डोकं टेबलावर टेकलं. आत्या उठली, वर गेली आणि एक गुळगुळीत पांढरं खोकं घेऊन आली. दादाने तिला व्हिडिओ कॉलसाठी पाठवलेला टॅब्लेट. खोक्यावरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा निघालेला नव्हता.

"वन्सं, हा तुम्ही उघडलाच नाही?" आईने विचारलं.

"चांगली वस्तू आहे. खराब झाली असती."

आतून वायर निघाली. मी ती जोडली, आणि मोठ्या कम्प्युटरने टुणकन आवाज करून सांगितलं, की हो, कोणीतरी आलंय.

पण अजून सगळं झालं नव्हतं. प्रोग्रॅम बोर्डात पाठवताना पडद्यावर 'जोडत आहे' असं येतं आणि पुढे टिंबं उमटायला लागतात. टिंब, टिंब, टिंब... आणि मग 'उत्तर नाही'. परत केलं. टिंब, टिंब, उत्तर नाही. मी चिडून वायर ओढणार, तेवढ्यात आत्याने माझं मनगट धरलं.

"ओढू नकोस. हे काय येतंय?"

"टिंबं. म्हणजे हा त्याला हाका मारतोय."

"म्हणजे रिंग जातेय." तिचे डोळे एकदम तरुण झाले. "आणि पलीकडचा उचलत नाही. उचलायचं बटण असेल ना त्याला?"

होतं. त्या बाईंनी तेही लिहून ठेवलं होतं: काही बोर्डांवर, टिंबं यायला लागली की छोटं बटण दाबून धरावं लागतं. मी ते आठवून तिला दाखवलं. आत्याने विणकाम बाजूला ठेवलं, खुर्ची पुढे ओढली आणि तर्जनी बटणावर ठेवली. बसण्याची ती तऱ्हा मी आधी कधी पाहिली नव्हती. पाठ सरळ, मान किंचित कललेली.

पहिल्यांदा जमलं नाही. "परत लाव," ती म्हणाली. पुन्हा नाही. "परत लाव." मला तिच्या आवाजातला शांतपणा सहन होईना. मी म्हटलं, "आत्या, तुला राग कसा येत नाही?"

"लाइन लागली नाही तर परत लावायची. रागावून कोणाची लागलीय? परत लाव."

टिंबं उमटली. तिने बटण दाबलं. टिंबं थांबली, आकडे धावायला लागले, आणि काड्यापेटीवरचा तिळाएवढा दिवा लागला. विझला. लागला. विझला.

सगळे त्या तिळावर वाकले.

"एवढ्यासाठी?" विमावाले काका म्हणाले.

आत्याने त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. ती दिव्याकडे बघत होती. "आमच्या एक्स्चेंजच्या बोर्डावर असे रांगेने असायचे," ती म्हणाली.

आता तो बोर्ड बेलच्या तारेला जोडायचा होता. ती तार जिन्याच्या भिंतीतून जाते, म्हणून मी पहिल्या मजल्यावर सेक्रेटरींकडे रीतसर विचारायला गेले. सेक्रेटरी सज्जन आहेत. नियमावली त्यांना तोंडपाठ आहे, आणि जिथे नियम नाही तिथे त्यांना चुकल्याचुकल्यासारखं होतं.

"तार सामायिक पाइपातून जाते," ते म्हणाले. "सामायिक वस्तूला हात लावायचा तर ठराव हवा. ठरावाला सभा हवी. सभा महिनाअखेरीस."

"पण दादा रविवारी येतोय."

"मग त्यांना महिनाअखेरीस यायला सांगा."

"बरं, दाराबाहेर दुसरं बटण लावलं तर?"

"मग त्या दाराला दोन बटणं होतील."

"हो."

"आणि बाकीच्यांना एक." हा विचार त्यांना खरोखर बोचत होता, आणि त्याला कारण आहे. पूर्वी आमच्या इमारतीत प्रत्येक घराची बेल वेगळी होती. एकीतून कुत्रं भुंकायचं, एक रणशिंग फुंकायची. भांडणं विकोपाला गेली तेव्हा सेक्रेटरींनी एकाच वेळी एकाच आवाजाच्या बेला आणून प्रत्येक दाराला लावल्या. तेव्हापासून कोणाच्याही दारी जा, एकच पक्षी किलबिलतो. माणसांत एकमत होत नाही तिथे त्यांनी पक्ष्यांत करून दाखवलं. मला त्यांचं मनापासून कौतुक आहे. फक्त त्या दिवशी ते जरा आवरावं लागलं.

जिन्यात उभी राहून मी विचार केला, आणि परत गेले. "काका, हवा सामायिक आहे का?"

त्यांनी डोळे मिटले, नियमावली आठवली आणि डोळे उघडले. "हवेबद्दल तरतूद नाही," ते जरा खिन्नपणे म्हणाले.

मग झालं तर! माझ्याकडे कॉलेजातला एक माइक होता, शर्टाच्या गुंडीएवढा. तारेला हातच लावायचा नाही. बोर्डाला कान लावायचे. बेलचा आवाज त्यानेच ऐकायचा आणि दिवा लावायचा. मी सगळं आत्याच्या दाराआत, बेलच्या खाली टांगलं. त्याला जोडलेला टेबललॅम्प अशा जागी ठेवला, की खिडकीतूनही दिसावा आणि स्वयंपाकघरातूनही.

पहिल्या दिवशी तो भांडी पडली की लागला, दार आपटलं की लागला, आणि समोर विमावाले काका शिंकले की हमखास लागला. काका सलग शिंकणारे आहेत. आत्या बिचारी प्रत्येक वेळी उठून दार उघडायची आणि समोर नाक पुसणारे काका.

"काय हवंय?"

"काही नाही हो, सर्दी."

शेवटी मी ते केलं जे मला खरोखर येतं. बेलच्या किलबिलीचा आवाज नोंदवून घेतला, त्यातले चढउतार मोजले, आणि बोर्डाला शिकवलं, की हाच पक्षी ओळखायचा, बाकी सगळं सोडून द्यायचं. काय ते इवलंसं डोकं, पण एका सेकंदात हजारो वेळा कान टवकारून, त्यातून नेमका सूर निवडून काढायला लागलं. मला इतका आनंद झाला की मी त्याच्याशी बोलले. आणि हे काम बरोबर अर्ध्या दिवसात झालं. म्हणजे माझा अंदाज चुकला नव्हता, फक्त कशाचा अंदाज करतेय ते चुकलं होतं.

शनिवारी सकाळी वर गेले, तर बोर्डाने कानटोपी घातलेली. निळ्या लोकरीची, जाडजूड, हनुवटीखाली बंद बांधलेली. आमच्या घराण्यात उघडी वस्तू कोणाला बघवत नाही. टीव्हीला झगा असतो, रिमोटला पिशवी.

"आत्या, हे काय?"

"दारात टांगलंय. वारा लागतो. आणि त्याला कान आहेत म्हणालीस ना तू?"

आता ज्याचं एकुलतं एक काम ऐकणं, त्याच्याच कानांवर टोपी! मी बेल वाजवून पाहिली. दिवा लागला नाही. आत्याचा चेहरा पाहिला आणि टोपी काढायचं धैर्य झालं नाही. तिने ती बहुधा दोन दिवस बसून विणली होती. मी मुकाट्याने खाली गेले, ऐकण्याचा जोर वाढवून प्रोग्रॅम परत घातला. लागला नाही. आणखी वाढवला. मग शेवटाला नेला. लागला! टोपीतूनही लागला. मी हात झटकले. पदवीधर माणसाने इथे एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा होता. मी तो विचारला नाही.

रविवार उजाडला. आई सकाळपासून केर काढलेल्या जागेचाच केर काढत होती. बाबा पेपर उलटा धरून वाचत होते. वर आत्या चांगली साडी नेसून बसली असणार, आणि तिने पेटी भरलेली नव्हती, हे मला ठाऊक होतं.

पक्षी किलबिलला. आमचा. दार उघडलं तर दारात दादा.

"आधी इकडे आलो," तो हळूच म्हणाला. प्रवासाने आणि काळजीने त्याचा चेहरा उतरलेला होता. "मामा, मामी, तुम्ही तिला समजवा. टॅक्सी खाली थांबवून ठेवलीय. मी वर जाऊन बेल वाजवायची आणि तिने उघडायचं नाही, हे मला पुन्हा बघायचं नाहीये. मला खरंच..."

वर कडी निघाल्याचा आवाज आला. चपला वाजल्या. आणि जिन्याच्या कठड्यावरून आत्याचा खणखणीत आवाज:

"आलास? मग तिथे काय करतोस? आईला सोडून मामाच्या घरात लपतोस होय रे?"

दादाने वर पाहिलं. मग आमच्या बेलकडे पाहिलं. मग पुन्हा वर.

"मी इथली बेल वाजवली," तो म्हणाला. "आई, तुला खालची बेल ऐकू आली?"

मला मात्र तत्क्षणी कळलं. इमारतीत एकच पक्षी, आणि मी लावलेला तो शेवटापर्यंतचा जोर! हा शुद्ध दोष होता. शास्त्राच्या विद्यार्थिनीने दोष लपवू नये, म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात आईची टाच माझ्या अंगठ्यावर आली.

पण लपवण्याचा प्रश्नच आला नाही. आत्याने दादाला वर नेऊन दारापाशी उभं केलं. "ऐकू नाही आली. दिसली," ती म्हणाली, आणि कानटोपी दाखवली. "कान याचे आहेत. दार मी उघडलं." दादाने बाहेर जाऊन बेल वाजवली. दिवा लागला, आत्याने दार उघडलं. त्याने पुन्हा वाजवली. पुन्हा उघडलं. तिसऱ्यांदा वाजवली तेव्हा आत्या दारातूनच म्हणाली, "आता आत येतोस की घरोघरी काही विकतोस?"

तो आत येऊन बसला. एवढ्यात दिवा परत लागला. बाहेर कोणी नव्हतं. आत्या उठली, कठड्यावरून खाली डोकावून आली. "सेक्रेटरींकडे पेपरवाला," तिने सांगितलं.

"म्हणजे हे चुकतंय," दादा म्हणाला.

"हो दादा," मी अंगठा सांभाळत म्हटलं. "सगळ्या बेला सारख्या आहेत आणि जोर जास्त झालाय. टोपी काढली की लगेच दुरुस्त..."

"हात लावू नकोस," आत्या म्हणाली.

"अगं पण आत्या, दर वेळी तुला उगाच उठावं लागेल."

"उठेन की. एक्स्चेंज सुटल्यापासून कोणाची लाइन कोणाला लागतेय ते मला कळत नव्हतं. नुसती भिंतींकडे बघत बसायचे." तिने दिव्याकडे पाहिलं. "आता अख्खा जिना माझ्या बोर्डावर आहे."

दादा त्या निळ्या टोपीपाशी वाकला. त्यातून बाहेर आलेली पांढरी वायर त्याने ओळखली. "ही टॅब्लेटची ना? मग टॅब्लेट?"

"खोक्यात आहे. चांगला आहे अगदी."

तेव्हा कुठे तो हसला. सुतार आला होता त्या दिवसाचंसुद्धा सगळं त्याने एकदम हसून घेतलं. मग खिडकीतून वाकून टॅक्सीला जायला सांगितलं.

संध्याकाळी तो निघाला. आत्या खिडकीत बसली नाही. निरोपाचं बघत बसणं तिला आवडत नाही. ती विणायला लागली. मी तिथेच बोर्डाची रिकामी डबी आवरत होते. थोड्या वेळाने दिवा लागला.

आत्या उठली, पण दाराकडे वळली नाही. सरळ खिडकीत गेली. खाली रस्त्यावर दादा उभा होता, धापा टाकत, जिन्यावरून पळत उतरल्यासारखा. त्याने मान वर केली आणि आवाज न करता, ओठ स्पष्ट हलवत काहीतरी म्हटलं. आत्याने ते वाचलं, मान हलवली, आणि तीही तसंच काहीतरी म्हणाली.

"काय म्हणाला गं?" मी तिच्यासमोर जाऊन विचारलं.

"शहाणे, दुसऱ्याचं बोलणं मध्ये ऐकायचं नसतं. नोकरी जाते."

जिन्यात पहिल्या मजल्यावर दार उघडल्याचा आवाज आला. "कोण आहे?" सेक्रेटरी ओरडत होते. "बेल वाजवून पळून कोण गेलं?"

त्यांचे शब्द आत्याला ऐकू येणं शक्य नव्हतं. तरी ती दार उघडून कठड्यापाशी गेली, खाली वाकली आणि पाठ सरळ करून, फार वर्षांपूर्वीच्या आवाजात म्हणाली, "ठेवा साहेब. तो माझा कॉल होता."